‘मर्जीने’ म्हणजे नक्की कुणाच्या मर्जीने?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागे तुमच्या पेपरात एक छोटीशी बातमी आली होती, अमेरिकेत टेक्सास राज्यात सरकारी शाळांमधे प्रार्थनेला वेळ द्यायचा कायदा झाला म्हणून. बातमी चार ओळींचीच होती पण आमच्या दादाने तिचा फोटो काढून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "बघा, अमेरिकेलापण संस्कारांची किंमत कळली, आणि आपल्याकडे शाळेत श्लोक म्हटला तरी लोक कोर्टात जातात." त्यावर सगळ्या काका-आत्यांचे हात जोडलेले इमोजी. आता मी गेली सोळा वर्षं डॅलसजवळ राहते, माझी दोन्ही मुलं तिथल्याच सरकारी शाळेत आहेत, त्यामुळे मला काही गप्प बसवेना. ग्रुपवर उत्तर लिहायला घेतलं तर ते इतकं लांबलं की वहिनी म्हणाली, अगं हे पेपरलाच पाठव की. म्हणून हे पत्र.

आधी तो कायदा काय आहे ते सांगते कारण बातमीत ते आलंच नव्हतं. सिनेट बिल ११ म्हणतात त्याला, १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालं. सरकारने थेट प्रार्थना सुरू केलेली नाहीये. इथे शाळा चालवायला प्रत्येक भागाचं एक स्कूल डिस्ट्रिक्ट असतं, त्याचं लोकांनी निवडून दिलेलं बोर्ड असतं, आपल्या जिल्हा परिषदेसारखंच पण फक्त शाळांपुरतं. अशी टेक्सासात बाराशेच्या आसपास डिस्ट्रिक्ट आहेत आणि त्यांच्या शाळांत पंचावन्न लाखांच्या घरात मुलं. तर या प्रत्येक बोर्डाने सहा महिन्यांत, म्हणजे १ मार्च २०२६ पर्यंत, मतदान करून ठरवायचं होतं की आपल्या शाळांत रोज प्रार्थनेसाठी आणि बायबल किंवा दुसरा धर्मग्रंथ वाचण्यासाठी वेळ ठेवायचा की नाही. ठेवला तर ज्या मुलाला जायचंय त्याच्या आईवडिलांनी फॉर्मवर सही करून द्यायची. स्पीकरवरून प्रार्थना लावायची नाही, फॉर्म न दिलेल्या मुलाच्या कानावर पडता कामा नये, शिकवायच्या तासातून वेळ घ्यायचा नाही. म्हणजे सगळं ज्याच्या त्याच्या मर्जीने. वाचायला किती छान वाटतं ना, मलापण पहिल्यांदा वाटलं होतं, म्हटलं चला ज्याला हवं तो जाईल.

मग मी तो सहीचा भाग नीट वाचला. सही करताना तुम्ही हेही लिहून देता की या धोरणाविरुद्ध मी पुढे कोर्टात जाणार नाही. आता गोष्ट इतकीच मर्जीची असेल तर आधीच हात बांधून कशाला घेता बाबा? आपल्याकडे बिल्डर असं काही लिहून घ्यायला लागला की आपण लगेच ओळखतो काहीतरी गडबड आहे. आणि वर राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल केन पॅक्सटन यांनी त्याच सप्टेंबरात जाहीर आवाहन केलं की मुलांनी येशूने शिकवलेली प्रार्थना म्हणून सुरुवात करावी. कायद्यात 'दुसरा धर्मग्रंथ' असं लिहिलंय खरं, पण मनात कुठला आहे ते त्यांनीच सांगून टाकलं. दादाला मी हेच विचारलं की तुझा तो श्लोक या वेळेत बसतो असं तुला वाटतं का, तर दादा टायपिंग... टायपिंग... आणि मग काहीच नाही.

आमच्या बोर्डाच्या मतदानाआधी त्यावर लोकांचं ऐकून घ्यायची एक मीटिंग झाली त्याला मी गेले होते. संध्याकाळी सातची मीटिंग, नोकरीवरून तशीच गेले, डब्यातला उरलेला पोहा गाडीत खाल्ला. प्रत्येकाला तीन मिनिटं, समोर एक टायमर, हिरवा पिवळा लाल. मला वाटलं होतं की इथे ख्रिश्चन एका बाजूला आणि आम्ही बाकीचे दुसऱ्या बाजूला असं दिसेल. तर पहिल्यांदाच उठले ते एक बॅप्टिस्ट (ख्रिश्चनांतलाच एक पंथ) आजोबा, डोक्यावरची हॅट काढून हातात धरलेली, आणि म्हणाले की माझ्या नातवाला प्रार्थना शिकवायचं काम माझं आणि माझ्या चर्चचं आहे, ते मी शाळेतल्या अनोळखी माणसाकडे देणार नाही, गणिताच्या सरांनी गणित शिकवावं. लाल दिवा लागायच्या आत बसलेसुद्धा. त्यांच्यानंतर एक आई बोलली, तिला मनापासून ही वेळ हवी होती, तिचा मुलगा डिप्रेशनमधून गेलेला, ती रडली, आणि मला ती खोटी अजिबात वाटली नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण आपल्याकडे बसून वाचताना असं वाटतं की हे सगळं फक्त राजकारण आहे. राजकारण तर आहेच, पण त्या बाईचं रडणं राजकारण नव्हतं. माझा नंबर आला तेव्हा मी काय बोलले ते मला आता आठवतपण नाही, फक्त पिवळा दिवा आठवतो.

घरी येऊन मग मी या विषयावर बरंच वाचलं, झोप गेली दोन-तीन रात्रीची. आणि एक गोष्ट लक्षात आली की 'मर्जीने' हा शब्द काही नवीन नाहीये, ज्या प्रार्थना कोर्टाने बंद केल्या त्याही मर्जीच्याच होत्या. १९६२ ची केस आहे, न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने स्वतः बसून एक प्रार्थना लिहिली होती, इंग्रजीत फक्त बावीस शब्दांची, कुठल्याच पंथाला टोचू नये अशी, देवा आम्ही तुझ्यावर अवलंबून आहोत, आमच्यावर, आईवडिलांवर, शिक्षकांवर आणि देशावर कृपा कर, बस इतकीच. ज्याला म्हणायची नाही त्याला गप्प राहायची किंवा वर्गाबाहेर जायची मुभा होती. तरी लाँग आयलंडवरचे पाच पालक कोर्टात गेले आणि सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध १ असा निकाल दिला की सरकारने प्रार्थना लिहायची नाही आणि म्हणवून घ्यायचीही नाही. निकाल लिहिणारे जज ह्युगो ब्लॅक, ते स्वतः अलाबामात तरुणपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवायचे, म्हणजे देव न मानणारा माणूस नव्हे. त्या पालकांना मग धमक्यांचे फोन आले, घाण घाण पत्रं आली. प्रेसिडेंट केनेडींना पत्रकारांनी विचारलं तर ते म्हणाले की यावर सोपा उपाय आहे, आपण आपली स्वतः प्रार्थना करू, घरी जास्त करू, चर्चला जास्त जाऊ. मला हे उत्तर फार आवडलं, उगाच तावातावाने बोललेलं नाही.

त्याच्या पुढच्याच वर्षीची केस तर अजून भारी आहे. पेनसिल्व्हेनियात कायदा होता की रोज सकाळी बायबलमधल्या दहा ओवी वाचायच्या, आणि एलरी शेंप नावाच्या सोळा वर्षांच्या पोराने १९५६ मधे काय केलं, वर्गात बायबल वाचन सुरू झालं तेव्हा मित्राकडून आणलेलं कुराण उघडून आपलं मनात वाचत बसला. झालं, प्रिन्सिपलच्या ऑफिसात रवानगी. ती भानगड सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १९६३ मधे ८ विरुद्ध १ ने शाळेतलं ते वाचन बंद झालं. आणि मजा म्हणजे तो निकाल लिहिणारे जज टॉम क्लार्क हे आमच्या डॅलसचेच! इथे शेजारीपाजारी कुणाला हे माहीत नाही, मी पार्टीत सांगितलं तर लोक म्हणाले नाही नाही तो न्यूयॉर्कचा असेल. क्लार्कनी हेपण लिहून ठेवलंय की बायबल इतिहास म्हणून, साहित्य म्हणून शाळेत शिकवायला काही हरकत नाही, धर्माचा अभ्यास वेगळा आणि उपासना वेगळी. हे आपल्या ग्रुपवरच्या लोकांनी दोनदा वाचावं असं वाटतं, कारण तिकडे फॉरवर्ड येतात की अमेरिकेत शाळेतून देवाला हाकलला. कुणी नाही हाकलला. मुलाने परीक्षेआधी डोळे मिटून देवाचं नाव घ्यावं, डब्याआधी प्रार्थना म्हणावी, मधल्या सुट्टीत चार मित्रांनी मिळून बायबल वाचावं, सगळं चालतं, तेव्हाही चालायचं. १९९० मधे इथल्याच बर्लसन नावाच्या गावातून सुरू झालेली एक प्रथा आहे, सप्टेंबरातल्या एका बुधवारी शाळा भरायच्या आधी मुलं झेंड्याच्या खांबाभोवती गोल करून प्रार्थना करतात, शिक्षक नाही, फॉर्म नाही, मुलांचं मुलं बघतात. माझी मुलगी नववीत आहे, तिची बेस्ट फ्रेंड जाते, ही लांब बाकावर बसून तिची बॅग सांभाळते. याला मी मर्जी म्हणते.

आता 'कुठली प्रार्थना' हा प्रश्न. आपल्याला वाटतं की सगळे ख्रिश्चन एकच. १८४४ मधे फिलाडेल्फियात शाळेत प्रोटेस्टंटांचं बायबल वाचायचं की कॅथलिकांचं यावरून वाद पेटला, दंगली झाल्या, चर्च जाळली, माणसं मेली. दोन्हीकडे येशूच होता हो. आणि २००० सालची केस टेक्सासातलीच, गॅल्व्हेस्टनजवळ सँटा फे म्हणून गाव आहे, तिथे फुटबॉल मॅचच्या आधी एक विद्यार्थी स्पीकरवरून प्रार्थना म्हणायचा आणि तो विद्यार्थी मुलांनीच मतदान करून निवडायचा, म्हणजे यापेक्षा जास्त मर्जी काय असणार. कोर्टात गेलेली दोन कुटुंबं एक मॉर्मन (हाही येशूला मानणारा पंथ) आणि एक कॅथलिक, दोन्ही देवाधर्माची. त्यांनी नावं लपवून केस केली होती आणि गावात ती नावं हुडकून काढायचे इतके प्रयत्न झाले की जजला ताकीद द्यावी लागली. मतदान घेतलं की जे जास्त त्यांचंच मत निघणार, त्यात थोड्यांची मर्जी कुठे आली?

आणि मुलाची मर्जी म्हणजे काय ते मी माझ्या घरात बघितलंय. माझा मुलगा चौथीत आहे. मागच्या वर्षी एक दिवस म्हणाला, आई, मला शुक्रवारी सकाळी लवकर सोड, बायबल क्लबला जायचंय. माझ्या पोटात एकदम खड्डा पडला, खोटं कशाला बोलू. शांतपणे विचारलं, का रे बाळा? तर म्हणे तिथे डोनट असतात आणि सगळे सॉकरवाले जातात. बास! डोनट आणि सॉकरवाले. तो क्लब मुलांचा आहे, शाळा भरायच्या आधी भरतो, कायद्याने त्यात काही चूक नाही, मी एकदा सोडलंसुद्धा, आला चॉकलेट फासून. पण उद्या हीच गोष्ट शाळेच्या टाइमटेबलात आली, शिक्षिका दाराशी उभी राहून म्हणाली चला प्रार्थनेवाले या बाजूला, तर नऊ वर्षांचं पोर मित्र जातील तिकडेच बघणार ना. आणि मी सही केली नाही तर वर्गात मागे उरणारी दोन-तीन डोकी कुणाची असतील ते न सांगता कळतंय, एक आमचं, एक समोरच्या पाकिस्तानी डॉक्टरांच्या मुलीचं, एखादं ज्यू. नऊ वर्षांच्या मुलाला यातलं काही समजावून सांगता येत नाही, त्याला एवढंच कळतं की सगळे गेले आणि मी राहिलो. १९८५ मधे अलाबामाची केस झाली तीपण यावरूनच, तिथल्या कायद्यात शांत बसायच्या मिनिटाला 'किंवा ऐच्छिक प्रार्थना' असे शब्द मुद्दाम नंतर घुसवले होते, आणि तक्रार केलेल्या बापाची मुलं शाळेत प्रार्थनेला सामील होत नाहीत म्हणून बाकीची पोरं त्यांना चिडवायची. कोर्टाने तो शब्द घुसवलेला कायदा रद्द केला, पण नुसतं शांत बसायला कुणाची हरकत नव्हती.

हे सगळं वाचताना मला सारखी माझी शाळा आठवत होती. सांगली जिल्ह्यातली, पत्र्याची, मागे चिंचेचं झाड. रोज परिपाठ, सावधान विश्राम, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष. प्रार्थनेच्या वेळी गुरुजी छडी घेऊन रांगांमधून फिरायचे, डोळे मिटलेत का बघायला, आणि डोळे मिटलेत का बघायला म्हणून आम्ही डोळे किलकिले करून गुरुजी कुठे आहेत ते बघायचो. माझ्या शेजारी मुलाण्यांची पोर उभी असायची. हात जोडलेले, डोळे मिटलेले, ओठ हलतायत, आमच्यापेक्षा शहाणी. साने गुरुजींची प्रार्थना असली तर प्रश्नच नव्हता, ती सगळ्यांची, पण आमच्याकडे गुरुवारी दत्ताची आणि शनिवारी मारुतीची असायची. तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही की ही काय म्हणत असेल. आता तीस वर्षांनी, म्हणजे त्या मीटिंगनंतरच्या रविवारी, मी तिला फोन केला. ती आता इचलकरंजीला असते, नवऱ्याचं मशिनरी स्पेअरचं दुकान आहे. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर विचारलंच, काय गं, तू गुरुवारी-शनिवारी काय म्हणायचीस? ती इतकी हसली, म्हणाली, सतराचा पाढा. मला येत नव्हता ना, तेवढाच पाठ व्हायचा. मी म्हटलं तुला कधी वाईट नाही वाटलं? म्हणाली, वाईट काय वाटायचंय, आम्हाला कुणी विचारलं नाही तसं तुलापण कुणी कुठे विचारलं होतं? तुला तरी कुठे येत होतं सगळं, तू नुसती 'ऊं ऊं' करायचीस मधल्या ओळींना, मला ऐकू यायचं.

ते खरंय. मी 'ऊं ऊं' करायचे.

दादाच्या दुसऱ्या वाक्याबद्दल पण बोलते, आपल्याकडे लोक कोर्टात जातात त्याबद्दल. आपल्या राज्यघटनेत कलम २८ आहे. पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण द्यायचंच नाही, आणि अनुदान घेणाऱ्या किंवा मान्यता असलेल्या शाळेत धर्मशिक्षण किंवा उपासना असेल तर मुलाच्या पालकांच्या संमतीशिवाय त्याला त्यात बसवायचं नाही. म्हणजे टेक्सासवाल्यांनी आत्ता जो संमतीचा फॉर्म काढला तो आपल्या घटनेत १९५० पासून आहे, फक्त तो फॉर्म कधी कुणाच्या घरी आलेला मी बघितला नाही. तुम्ही बघितलाय का? नाशिककडच्या एका शिक्षकांनी प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला म्हणून त्यांचा पगारवाढीचा हक्क अडला होता, ते मुंबई हायकोर्टात गेले, २०१३ मधे कोर्टाने सांगितलं अशी सक्ती करता येणार नाही. केंद्रीय विद्यालयांतल्या सकाळच्या प्रार्थनेवरची याचिका २०१९ मधे सुप्रीम कोर्टाने मोठ्या खंडपीठाकडे दिली. आणि केरळची तीन भावंडं, राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची पण धर्मामुळे गायची नाहीत म्हणून शाळेतून काढलेली, त्यांना १९८६ मधे सुप्रीम कोर्टाने परत शाळेत घ्यायला लावलं. तर दादा, लोक कोर्टात जातात कारण घटनेत तसं लिहिलंय म्हणून जातात, संस्कार बुडवायला नाही.

कुणाला वाटेल ही बाई अमेरिकेत जाऊन नास्तिक झाली. माझ्या देवघरात या, रोज दिवा लागतो. आणि एक प्रसंग सांगते. माझे वडील गेले तेव्हा मला विमानाचं तिकीट मिळत नव्हतं, मी ड्राइव्हवेवर फोन हातात घेऊन नुसती उभी होते. समोरची शेजारीण, पक्की चर्चला जाणारी, दर इलेक्शनला अंगणात बोर्ड लावणारी, तिचं नि माझं एकाही मुद्द्यावर पटत नाही, ती रस्ता ओलांडून आली आणि म्हणाली, मी तुझ्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का? मी हो म्हटलं. तिने माझे दोन्ही हात धरले, येशूचं नाव घेऊन काहीतरी बोलली, मी मनात विठ्ठल विठ्ठल म्हटलं, आणि खूप बरं वाटलं. तिने विचारलं होतं. मी नाही म्हटलं असतं तर ती हसून परत गेली असती आणि संध्याकाळी ओव्हनमधे केलेलं कॅसरोल घेऊन आलीच असती. आम्ही दोघी चाळिशीतल्या बाया होतो, तिच्या हातात माझे मार्क नव्हते. या कायद्यावर आमचं परवाच भांडण झालं, ती बाजूने आहे. तिचं म्हणणं, फॉर्म आहे ना, नको तर नको देऊ सही. मी तिला म्हटलं तू माझ्या पोराच्या वर्गात एकदा मागे उरून बघ. ती काही बोलली नाही पण पटलंही नाही तिला, ते दिसत होतं.

इथे टेक्सासात २००३ पासून रोज सकाळी आधी देशाच्या झेंड्याची प्रतिज्ञा, मग राज्याच्या झेंड्याची (तीपण असते, आणि तिच्यात २००७ मधे देवाचं नाव घातलं), आणि मग एक मिनिट पूर्ण शांतता, असा नियम आहे. त्या मिनिटात मुलाने प्रार्थना करावी, ध्यान करावं, विचार करावा, काहीही गुपचूप करावं. त्यावरही केस झाली होती, ती सरकार जिंकलं, आणि मला वाटतं बरं झालं जिंकलं. मी मुलाला विचारलं तू काय करतोस रे त्या मिनिटात? म्हणाला, कधी लंचला काय आहे ते आठवतो, कधी छताचे चौकोन मोजतो, स्पेलिंग टेस्ट असली की गणपती. मला विचाराल तर एवढं मिनिट पुरे आहे, त्याच्यावर फॉर्म नको आणि वकील नको. माझ्याकडून सही जाणार नाही, बोर्डाला तसं ईमेलनेही कळवलंय, आणि पुढच्या मीटिंगला परत नाव नोंदवणार आहे, यावेळी लिहून नेणार.

आपली,
डॅलसजवळची एक वाचक (मूळ गाव सांगली जिल्हा)

ता.क. दादाने काल परत एक फॉरवर्ड टाकला, पण तो मधुमेहावर होता. आणि त्या मैत्रिणीने फोनवर सतराचा पाढा म्हणून दाखवला, न अडखळता, सतरा दाहेपर्यंत. मी सतरा पंचेच्या पुढे अडकले.